हयातीचा दाखला

आमच्या काकू जिवंत आहेत, हे मी दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात सरकारला कळवतो.

काका रेल्वेत होते. मालधक्क्यावरच्या कारकुनीत त्यांची उमेद गेली आणि निवृत्त झाल्यावर ते रहिमतपूरला आपल्या घरी येऊन राहिले. ते गेल्यापासून काकूंना कुटुंब-निवृत्तिवेतन मिळते. ते चालू राहावयाचे तर पेन्शन घेणारा माणूस हयात आहे, असा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो. सर्वसाधारण पेन्शनरांना त्यासाठी नोव्हेंबर महिना. परंतु ज्यांनी ऐंशी ओलांडली आहे त्यांना २०१९ सालापासून एक महिना आधी, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेपासूनच, तो देता येतो. “आमचा एक-एक महिना मोलाचा आहे, हे सरकारला बरं कळलं!” असे काकू यावर म्हणाल्या होत्या.

पूर्वी हे प्रकरण मोठे दगदगीचे होते. रिक्षा आणा, काकूंना दोघांनी धरून तीत बसवा, बँकेच्या पायऱ्या चढवा. आता तसे राहिले नाही. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ नावाची सोय निघाली, आणि २०२१ पासून तर मोबाइलपुढे चेहरा धरला, पापणी मिटली-उघडली की काम होते. मी सकाळच्या गाडीने पुण्याहून निघतो, रहिमतपूर स्टेशनावर उतरतो, घरी जाऊन चहा घेतो, काकूंच्या पाठीशी उशी लावून त्यांना बसवतो आणि म्हणतो, “काकू, डोळे मिटा. आता उघडा.” पाच मिनिटांत काकू आणखी एका वर्षासाठी जिवंत होतात. संध्याकाळच्या गाडीने मी पुण्याला परत येतो. येताना मनात एक प्रकारची कृतार्थता असते. आमच्या घराण्यात कोणी वृद्धाश्रमात नाही, हे वाक्य मी चार लोकांत किती वेळा उच्चारले असेल, त्याची गणती नाही.

वृद्धाश्रमाविषयी माझे मत वाईट आहे असे मात्र कोणी समजू नये. पुण्याला नव्या पेठेतला ‘निवारा’ मी आत जाऊन पाहिलेला आहे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६३ साली सुरू झालेली ती संस्था. म्हातारपणी माणसे एकटी पडतात ती अलीकडच्या काळात, असे आपण उगाच म्हणतो. दीडशे वर्षांपूर्वीही पडत होती. मी तेथे गेलो होतो तो काकूंच्यासाठीच. काका गेले त्या वर्षीची गोष्ट. पण काकूंनी नुसते छपराकडे पाहिले आणि म्हणाल्या, “माझी सोय आहे इथं. आक्का आहे.”

आक्का आहे! या दोन शब्दांवर आम्ही सारे पुतणे आणि सुना गेली अनेक वर्षे निर्धास्त झोपत आलो.

आक्का कोण, हे सांगावयाला हवे. आक्का ही आमच्या नात्याची नव्हे. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी, तेव्हा ती काकूंकडे धुणेभांड्याला येऊ लागली. मी कॉलेजात असताना सुट्टीत रहिमतपूरला जाई, तेव्हा ती तरणीताठी होती. सकाळी आमची भांडी घाशी आणि मग दिवसभर कोणाच्या तरी रानात खुरपणीला किंवा आले काढावयाला जाई. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली. आक्काची खोली एका पावसाळ्यात पडली. काकू म्हणाल्या, “ये इथं राहायला, माजघर रिकामंच आहे.” ती आली ती आलीच. आज काकू अठ्ठ्याऐंशीच्या आहेत आणि आक्का त्र्याहत्तरची. काकूंचे गुडघे गेले, मग खुब्याचे हाड मोडले, मग अंथरूण आले. आणि ज्या बाईने भांडी घासावयाचे कबूल केले होते तिच्याकडे, कोणी काही न ठरवता, काकूंना उठवणे, बसवणे, न्हाऊ घालणे, भरवणे, कूस बदलणे आणि रात्री तीनदा उठणे हे सारे आले. तिच्या ‘हातखर्चाला’ म्हणून मी महिना हजार रुपये पाठवत असे. पगार हा शब्द मी कधी वापरला नाही. घरच्या माणसाला कोणी पगार देतो का?

ही गोष्ट २०२४ सालच्या ऑक्टोबरातली. नेहमीप्रमाणे काकूंचा चेहरा मोबाइलला दाखवून झाला. दाखला गेल्याचा संदेश आला. मी समाधानाने फोन खिशात टाकणार तोच आक्का पदराला हात पुसत पुढे आली आणि म्हणाली,

“दादा, त्या मशिनीवर माझंबी थोबाड दावा की.”

मला हसू आले. मी म्हटले, “अगं, हे रेल्वेच्या पेन्शनीचं आहे. तुझी पेन्शन निराळी. तुझा दाखला तिकडं बँकेत द्यायचा असतो, मार्च संपायच्या आत. दिलास ना?”

“न्हाई.”

“म्हणजे?”

“म्हंजी न्हाई दिला. मग त्यास्नी वाटलं आसंल, मेली म्हातारी.” आणि ती खरोखरच हसली.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असा प्रसंग आला नसेल; म्हणून दोन शब्द सांगतो. ज्यांना नोकरीची पेन्शन नाही, जमीनजुमला नाही, अशा म्हाताऱ्या माणसांसाठी आपल्या राज्यात श्रावणबाळ योजना आहे. वय पासष्टच्या पुढे आणि कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, अशी अट. पासष्टच्या आतले निराधार, विधवा, अपंग यांच्यासाठी संजय गांधी निराधार योजना १९८० पासून चालू आहे. पुढे १९९५ च्या १५ ऑगस्टला केंद्र सरकारनेही गरीब वृद्धांना महिना ७५ रुपये द्यावयाला आरंभ केला. राज्याच्या योजनेची रक्कम वाढत वाढत २०१९ साली १,००० झाली आणि २०२३ च्या जुलैपासून १,५०० झाली. गावोगावच्या किती म्हाताऱ्यांच्या चहा-साखरेचा आणि औषधपाण्याचा आधार म्हणजे ही रक्कम. तिला कोणी अनुदान म्हणत नाहीत; ‘पेन्शन’ म्हणतात, आणि असे म्हणताना त्यांची मान जरा ताठ होते. या पेन्शनीसाठीही वर्षातून एकदा, जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत, स्वतः जाऊन आपण हयात असल्याची नोंद करून द्यावी लागते. न दिल्यास एप्रिलपासून पैसे थांबतात. आणि नियम म्हणून यात काही चूकही नाही. मेलेल्या माणसांच्या नावावर पैसे उचलणारी जिवंत माणसे आपल्याकडे थोडी नाहीत!

आक्काचे पैसे एप्रिलपासून थांबले होते. एप्रिल ते सप्टेंबर, सहा महिने; नऊ हजार रुपये.

“पण का गेली नाहीस तू?” मी जरा आवाज चढवूनच विचारले. “बँक काय लांब आहे? गावातच तर आहे!”

आक्काने काकूंकडे पाहिले, मग मला डोळ्याने खुणावून स्वयंपाकघरात नेले. हळूच म्हणाली, “आवो दादा, तितं एक दिसात काम हुतंय व्हय? म्या दोनदा गेल्ते. एकदा गर्दी म्हून परत आले. एकदा त्या यंत्राला माझं बोट घावंना. म्हनले, उद्या या. घरी येऊन बघते तर वैनी पलंगाखाली. पान्याचा तांब्या घ्यायला गेल्या आन् पडल्या. दीड तास तशाच जमिनीवर हुत्या. मग म्या न्हाई गेले पुन्ना. त्यास्नी टाकून कशी जाऊ?”

“मग मला का नाही कळवलंस?”

“काय कळवायचं? वैनी म्हनल्या, त्याला सांगू नगंस, त्यो उगं काळजी करंल.”

मी तेथेच पाटावर बसलो. काकू पडल्याचे मला ठाऊक नव्हते, आणि माझ्या झोपेचे नऊ हजार रुपये कोणी भरले तेही ठाऊक नव्हते. दर रविवारी मी फोन करीत असे. “काकू, बऱ्या आहात ना?” “बरी आहे रे.” “आक्का बरी आहे ना?” “बरी आहे.” एवढ्यावर माझी चौकशी संपे. सरकार निदान दाखला तरी मागते. मी तर तोंडच्या शब्दावर भागवीत होतो.

दुसऱ्या दिवशी मी मुक्काम वाढवला. शेजारच्या घरातली सून दोन तास काकूंपाशी बसली आणि मी आक्काला घेऊन निघालो. रणदुल्लाखानाच्या कबरीमुळे इतिहासाच्या पुस्तकात नाव असलेले आणि नाटककार वसंत कानेटकर जेथे जन्मले ते हे गाव. पण आक्काबरोबर चालताना मला ते निराळेच दिसू लागले. कोणत्या दुकानाची पायरी उंच आहे, कोठे घटकाभर टेकावयाला कट्टा आहे, कोठल्या गटारावरची फरशी हलते, एवढेच त्या गावात उरले होते. आक्का मध्येच थांबे आणि लहान मुलासारखी इकडेतिकडे पाही. “ह्ये दुकान कवा झालं?” “ह्यो माळा कवा चढवला?” ती राहाते त्याच गावात ती दोन वर्षांनी हिंडत होती.

बँकेत गर्दी होती. कोणत्या बँकेत, ते सांगण्याचे कारण नाही. सर्वत्र असते तशीच होती. आक्काचा नंबर आला. यंत्रावर तिने अंगठा ठेवला. यंत्राने नाकारला. तर्जनी ठेवली. नाकारली. खिडकीतल्या तरुणाने कापूस ओला करून दिला, पुसून पुन्हा ठेवावयास सांगितले. दहाही बोटे झाली. आक्काच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. पन्नास वर्षे राखेने आणि मग पावडरीने भांडी घासली, माती उकरून आले काढले, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या म्हातारीचे कपडे दररोज धुतले. रेषा राहतील कशा? ज्या कष्टांसाठी तिला चार पैसे द्यावयाचे त्या कष्टांनीच तिची ओळख पुसून टाकली होती.

“आजी, तुमचं बोट लागत नाही,” तो मुलगा म्हणाला. बोलण्यात उद्धटपणा नव्हता, केवळ थकवा होता.

“लागंल कसं? झिजलंय ते,” आक्का म्हणाली.

शेवटी आतल्या साहेबांनी तिला बोलावले, खुर्ची दिली, आधार कार्डावरचा फोटो आणि समोरचा चेहरा दोन-तीनदा ताडून पाहिला आणि कागदावर सही केली. “असं थोडा वेळ काढून बघितलं तर होतं हो,” असे म्हणून त्यांनीच माझी समजूत घातली. दाखला, आधार कार्डाची नक्कल, पासबुकाची नक्कल आणि अर्ज असे सगळे घेऊन मी तिसऱ्या दिवशी कोरेगावला तहसील कचेरीत गेलो. एस्. टी.त मला पासष्टच्या पुढचा म्हणून अर्धे तिकीट लागले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर २०२२ च्या ऑगस्टपासून प्रवास फुकट आहे. काकूंना ही बातमी मी मोठ्या हौसेने सांगितली होती तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “ती गाडी माजघरात येते का ते विचार.” कचेरीत कागद घेतले, पोच दिली. मी ज्या युद्धाच्या तयारीने गेलो होतो ते काही झाले नाही.

पण माझ्या मनात ते संपले नव्हते. त्या संध्याकाळी मी ज्येष्ठांसाठी असलेल्या १४५६७ या मदतवाहिनीला फोन लावला. २०२१ पासून देशभर हा नंबर आहे. पलीकडे एक मुलगी बोलत होती. आवाज मोठा आर्जवी. मी तिला सगळी हकीकत सांगितली: काकू अंथरुणावर, आक्का थकलेली, पेन्शन थांबलेली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले,

“आजोबा, तुमची तक्रार कोणाविरुद्ध आहे?”

मी गप्प राहिलो. बँकेविरुद्ध? तिने अखेर काम करून दिले होते. कचेरीविरुद्ध? तिने नियम पाळला होता. “तक्रार नाही, चौकशी आहे,” असे काहीतरी मी म्हणालो. मग तिने मला २००७ सालच्या कायद्याची माहिती दिली. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा हा कायदा. मुले सांभाळीत नसतील तर म्हाताऱ्या माणसाला प्रांतसाहेबांपुढे अर्ज करता येतो; वकील लागत नाही; नव्वद दिवसांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो; आणि महिना दहा हजार रुपयांपर्यंत पोटगी मिळू शकते. मला वाटले, काकूंना मूलबाळ नाही, तेव्हा हा कायदा आमच्या कामाचा नाही. तसे मी म्हणालोही. त्यावर ती म्हणाली, “नाही आजोबा. ज्यांना मूल नाही, त्यांची मिळकत पुढं ज्या नातेवाइकाकडं जाणार असेल, त्याच्यावर ही जबाबदारी आहे. तुमच्या काकूंचे वारस कोण?”

माजघराच्या भिंतीला टेकून मी उभा होतो. ती भिंत, ते माजघर, परसातली विहीर, हे सारे पुढेमागे ज्या दोघा-तिघा पुतण्यांकडे जावयाचे त्यांत माझे नाव पहिले होते. “वारस मीच,” असे म्हणून मी तिचे आभार मानले आणि फोन ठेवला.

त्या रात्री मी तो कायदा मोबाइलवर पुन्हा वाचला. काकू त्यात होत्या. मी त्यात होतो. आक्का कोठेच नव्हती. ती काकूंची मुलगी नाही, वारस नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभर माणसांत जवळजवळ दहा माणसे साठीच्या पुढची होती; आज त्याहून खासच अधिक असतील. त्या सर्वांना कोणीतरी रोज उठवते, बसवते. कोणाची सून, कोणाची मुलगी, कोणाची आक्का. पेन्शनीसाठी खाते आहे, औषधासाठी खाते आहे, प्रवासाला सवलत आहे, पण सकाळी सहाला पलंगाशी जाऊन “उठताय का वैनी?” असे म्हणणाऱ्या माणसाला एक दिवस रजा हवी असेल तर तिने कोठे अर्ज करावा, याचे खाते मला कोठे सापडले नाही. आणि मी तरी सरकारला कोणत्या तोंडाने विचारणार? माझ्याकडेही ते खाते नव्हते.

सकाळी मी मोठ्या निश्चयाने आक्काला पुढे बसवले. खिशातून पाकीट काढले, त्यात नऊ हजार रुपये होते. तिने ते मोजून घेतले. नको-नको असे म्हटले नाही, याचे मला बरे वाटले. मग मी म्हणालो, “आक्का, आजपासून मी तुला रीतसर पगार देणार. चांगला देणार. फक्त एक आहे. पगार दिला की तुझं उत्पन्न एकवीस हजारांच्या वर जाईल आणि तुझी पेन्शन बंद होईल. पण मी देतो ती रक्कम पेन्शनीपेक्षा पुष्कळ जास्त असेल.”

हे बोलताना माझ्या ध्यानात आले, ते येथे लपवीत नाही. एकवीस हजारांना बाराने भागले की महिना साडेसतराशे होतात. अहोरात्र राबणारी ही बाई गरिबांच्या यादीत बसत होती, कारण मी तिला हजार रुपये देत होतो. तिची पात्रता मी सिद्ध केली होती.

आक्का थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली,

“दादा, तुमचा पगार वैनी हायेत तवर. पेन्शन म्या हाय तवर.”

मला उत्तर सुचले नाही. आजही सुचलेले नाही. नियमाची अट मी वाचली होती, रकमेचे गणित मी केले होते. पण काकूंच्या मागे आक्काचे काय, हा विचार आमच्या घरात आजवर एकाच माणसाने केला होता, आणि तो तिने स्वतःच केला होता. असे असूनही ती पेन्शन तिने काकूंच्यापायी सहा महिने जाऊ दिली होती!

“मग तुला काय हवं?” मी विचारले.

ती इतक्या चटकन बोलली की हे उत्तर तिच्याजवळ कित्येक दिवस तयार असले पाहिजे. “आठवड्यातनं एक दिस सुट्टी द्या. लेकीकडं जाईन, न्हाईतर बाजारला जाईन. न्हाईतर कुटंच जानार न्हाई, झोपंन नुसती. आन् राती उठायला कुनीतरी बघा. माझ्यानं आता त्यास्नी उचलवत न्हाई.”

काकू आतून हे सर्व ऐकत होत्या, याची आम्हा दोघांनाही कल्पना नव्हती. “दे रे तिला सुट्टी,” आतून आवाज आला. “मी सांगणारच होते. पण ती गेली तर मी कुणाकडे बघू, या भीतीनं बोलले नाही.”

सौभाग्यवतीशी फोनवर बोललो. दोघा चुलत भावांना, सांगावयाला हरकत नाही, जरा कडक शब्दांत पत्रे लिहिली. शेजारच्या त्याच सुनेच्या ओळखीची एक बाई रात्रीच्या मुक्कामाला ठरली. तिला रीतसर पगार आहे आणि तो शब्द आम्ही उच्चारतो. आक्काच्या नावे जो काही आधार पुढच्या काळासाठी करावयाचा त्याविषयी भावाभावांचे अजून एकमत नाही; पण बोलणे तरी सुरू झाले आहे. आणि महिन्यातून एक आठवडा माझा. मी तेथे राहातो. चेहरा दाखवून संध्याकाळच्या गाडीने परत येण्याचे दिवस संपले.

पुढच्या जानेवारीत, म्हणजे २०२५ सालच्या, दाखल्याचे दिवस पुन्हा आले. डिसेंबरातच आक्काची पेन्शन सुरू झाली होती. या खेपेला ती शेजारच्या मुलीबरोबर बँकेत जाणार आणि मी काकूंपाशी बसणार, असे ठरले. आक्काने सकाळी नवे लुगडे नेसले. कोठली गोळी केव्हा, भात किती मऊ, कोणत्या कुशीवर किती वेळ, हे सर्व मला तीनदा सांगितले. “एवढं कळतं मला,” मी म्हणालो.

ती गेली साडेनऊला. दहा वाजता काकूंना कूस बदलावयाची होती. काकूंचे वजन ते किती! पण अंथरुणावरच्या माणसाचे वजन तागडीत मावत नाही. मी एक हात मानेखाली घातला, एक कमरेखाली, काकू कळवळल्या. “तसा नव्हे रे. आधी गुडघा वळवायचा.” गुडघा वळवला. माझ्या कमरेत कळ आली. साडेदहाला चादर बदलण्याचा प्रसंग आला. त्याविषयी दिवाळी अंकात लिहू नये; एवढेच सांगतो की, काकूंनी पुतण्यासमोर डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि मीही शक्य तेवढे मिटले होते. साडेअकराला भात लावला, तो खाली लागला. वरचा वरचा काढून दुधात कालवून आणला. पहिला घास घेऊन काकू म्हणाल्या, “राहू दे. आक्का येऊ दे.”

मग आम्ही दोघे दाराकडे पाहात बसलो.

“कुठं गेलीय म्हणालास?” काकूंनी विचारले. अलीकडे त्यांना विसरावयाला होते.

“बँकेत. हयातीचा दाखला द्यायला.”

“माझा दिलास?”

“तुमचा ऑक्टोबरात दिला की.”

“हां,” काकू म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “दोघींचा एकदमच दे म्हणावं त्यांना. एकीचा असून काय उपयोग?”

साडेबारा वाजून गेले तेव्हा फाटक वाजले. आक्का आत आली. एका हातात कागदाची पोच, दुसऱ्यात तेलकट पुडी. बाजारात गरम भजी तळत होते म्हणून आणली होती. काकूंना चावणार नाहीत हे ठाऊक असून आणली होती. यंदाही बोट लागले नव्हते, साहेबांनीच सही केली होती. तिने पोच माझ्या हातात दिली, पाय धुतले आणि पलंगाशी जाऊन पहिला प्रश्न विचारला,

“वैनी जेवल्या का?”

मी लागलेल्या भाताचे पातेले मागे सरकवले आणि खरे काय ते सांगून टाकले.